पीएच दाखवून घाबरवणाऱ्याला विचारा, "आम्ल किती?"

सोसायटीच्या हॉलमध्ये किंवा थेट तुमच्या स्वयंपाकघरात एक हसतमुख माणूस तीन-चार ग्लास मांडतो. एकात नळाचं पाणी, एकात आरओचं आणि एकात त्याच्या मशीनचं. प्रत्येकात तो एका छोट्या बाटलीतले दोन-दोन थेंब टाकतो. आरओचं पाणी पिवळं पडतं, मशीनचं पाणी निळं-जांभळं दिसतं. मग ठरलेलं वाक्य येतं: "बघा, तुम्ही रोज ॲसिड पिताय! शरीर ॲसिडिक झालं की मधुमेह, सांधेदुखी, कॅन्सर, सगळे रोग सुरू होतात."

रंग खरा असतो आणि थेंबही खरे असतात. त्यावरून काढलेला निष्कर्ष मात्र खोटा असतो. तो खोटा का, हे कळायला डॉक्टर असण्याची गरज नाही. बारावी सायन्सला 'आयनिक समतोल' हा धडा असतो, तेवढा पुरतो. आपण तो धडा मार्कांसाठी शिकतो आणि परीक्षा झाली की विसरतो. विक्रेत्याचा धंदा नेमका या विसरण्यावर चालतो.

माझं म्हणणं एका ओळीत सांगायचं तर, आम्ल एकूण किती आहे हे न सांगता फक्त पीएच सांगणं म्हणजे अर्धी माहिती देणं. आरोग्याच्या नावाखाली ही अर्धी माहिती विकणं ही फसवणूक आहे. आता हिशेब करून बघू. गणित सोपं आहे, पण आकडे टाळू नका, कारण सगळी मेख त्यांच्यातच आहे.

पीएच काय मोजतो आणि काय मोजत नाही?

पीएच, म्हणजे शाळेच्या पुस्तकातला 'सामू', ही कल्पना १९०९ साली सोरेन्सन या डॅनिश शास्त्रज्ञाने मांडली. द्रावणात सुटे झालेले हायड्रोजन आयन किती आहेत, एवढंच हा आकडा सांगतो. पीएच ३ म्हणजे लिटरमागे ०.००१ मोल सुटे हायड्रोजन आयन, पीएच ४ म्हणजे ०.०००१ मोल. आकडा एकाने वाढला की आयन दहापटीने कमी होतात. ('मोल' हे रेणू मोजायचं माप आहे, जसं आपण केळी डझनात मोजतो. त्याचा हजारावा भाग म्हणजे मिलीमोल.)

यात 'सुटे' हा शब्द महत्त्वाचा आहे. हायड्रोक्लोरिक आम्लासारखं तीव्र आम्ल पाण्यात पडलं की त्याचे जवळजवळ सगळे हायड्रोजन आयन सुटे होतात. व्हिनेगरमधलं ॲसेटिक आम्ल, लिंबातलं सायट्रिक आम्ल किंवा सोडावॉटरमधलं कार्बोनिक आम्ल ही मात्र सौम्य आम्लं आहेत. त्यांचे थोडेच रेणू सुटतात, बाकीचे हायड्रोजनला धरून बसलेले असतात.

याला मी सुट्या पैशांचं उदाहरण देतो. एखाद्याच्या खिशात चार रुपयांची चिल्लर आहे आणि पाकिटात पाचशेच्या दोन नोटा. पीएचची पट्टी फक्त चिल्लर मोजते. चिल्लर संपली की माणूस नोट मोडतो आणि खर्च चालू ठेवतो. अशा माणसाची ऐपत चिल्लरीवरून ठरवाल का?

व्हिनेगरचा हिशेब

बाजारातलं साधारण ५ टक्क्यांचं व्हिनेगर घेऊ. लिटरमध्ये ५० ग्रॅम ॲसेटिक आम्ल. या आम्लाचे ६० ग्रॅम म्हणजे एक मोल, म्हणून लिटरमागे ०.८३ मोल. या आम्लाचा आयनीभवन स्थिरांक ०.००००१८ आहे. सौम्य आम्लासाठी सोपं सूत्र असं:

सुटे हायड्रोजन आयन = (स्थिरांक × आम्लाचं प्रमाण) याचं वर्गमूळ

०.००००१८ × ०.८३ = ०.००००१४९. याचं वर्गमूळ येतं ०.००३९. म्हणजे पीएच सुमारे २.४.

आता प्रमाण बघा. लिटरमध्ये आम्ल आहे ०.८३ मोल आणि सुटं झालेलं आहे ०.००३९ मोल, म्हणजे हजार रेणूंमागे पाचसुद्धा नाहीत. मोठ्या चमचाभर, १५ मिली व्हिनेगरमध्ये एकूण आम्ल सुमारे १२.५ मिलीमोल असतं. पीएचच्या पट्टीला त्यातलं दिसतं फक्त ०.०६ मिलीमोल. बाकीचं सगळं पाकिटात असतं.

"पण आम्ही पाणी घालून पितो ना!"

वजन कमी करायला सकाळी ॲपल सायडर व्हिनेगर पिणारे हे हमखास सांगतात. ठीक आहे, एक मोठा चमचा व्हिनेगर ग्लासभर पाण्यात घाला. द्रावण सुमारे १७ पट पातळ झालं आणि आम्लाचं प्रमाण उरलं लिटरमागे ०.०४९ मोल. तेच सूत्र पुन्हा वापरलं तर सुटे आयन येतात ०.०००९४ मोल आणि पीएच ३.०.

सतरा पट पाणी घालूनही पीएच २.४ वरून जेमतेम ३ वर आला. सुटे आयन सतरापटीने कमी व्हायला हवे होते, ते फक्त चारपटीने कमी झाले. याचं कारण सौम्य आम्लाच्या स्वभावात आहे. पाणी वाढलं की ते आणखी नोटा मोडतं. आधी हजारातले पाचच रेणू सुटले होते, आता एकोणीस सुटले. ओस्टवाल्डने हा नियम १८८८ मध्येच सांगितला होता.

याचा फटका बसतो दातांना. पीएच साधारण ५.५ च्या खाली गेला की दाताच्या वरच्या कवचातली, म्हणजे एनॅमलमधली खनिजं विरघळू लागतात. पातळ केलेलं व्हिनेगर ३ वर असतं. लिंबाच्या रसाचा पीएच २ ते २.६ असतो आणि सरबत करून तोही फारसा वर जात नाही. लाळ हे आम्ल निकामी करते, पण तिला वेळ लागतो आणि तिलाही या पाकिटातल्या नोटा एकेक करून संपवाव्या लागतात. म्हणून तासभर घोट-घोट घेत बसणं सगळ्यात वाईट. जेवणात लिंबू पिळा, उन्हात सरबत प्या, त्याला माझी ना नाही. पण रोज उपाशीपोटी औषध म्हणून आंबट पाणी पीत असाल, तर नंतर साध्या पाण्याने चूळ भरा आणि निदान अर्धा तास ब्रश करू नका. मऊ पडलेलं एनॅमल ब्रशने घासलं जातं आणि ते पुन्हा उगवत नाही.

गंमत अशी की जे लोक आरओच्या पाण्याला 'ॲसिडिक' म्हणून हिणवतात, तेच पीएच ३ चं हे पेय 'अल्कलाइन' म्हणून सुचवतात.

आरओच्या पाण्यातलं भयंकर ॲसिड

शुद्ध पाणी हवेत उघडं राहिलं की त्यात थोडा कार्बन डायऑक्साइड विरघळतो आणि पीएच ५.६ च्या आसपास येतो. थेंब टाकले की पाणी पिवळं होतं ते म्हणून. आता आपला प्रश्न विचारू, आम्ल किती?

सुटे आयन लिटरमागे ०.००२५ मिलीमोल. न सुटलेलं आम्लही जमेस धरलं, तरी एकूण ०.०२ मिलीमोलपेक्षा कमी. साठ किलो वजनाच्या माणसाच्या शरीरात अन्नाच्या पचनातून आणि पेशींच्या कामातून रोज साधारण ६० मिलीमोल आम्ल तयार होतं आणि मूत्रपिंडं ते मुकाट बाहेर टाकतात. तेवढं आम्ल आरओच्या पाण्यातून मिळवायचं तर दिवसाला तीन हजार लिटर पाणी प्यावं लागेल. शिवाय ज्या कार्बन डायऑक्साइडमुळे ते पाणी पिवळं झालं, तोच वायू आपण रोज सुमारे १५,००० मिलीमोल तयार करतो आणि श्वासावाटे सोडतो.

आरओच्या पाण्यात खनिजं कमी असतात, ते बनवताना पाणी वाया जातं, या चर्चा रास्त आहेत. 'ॲसिड' ही चर्चा रास्त नाही.

पीएच ९.५ चं पाणी पोटात गेल्यावर

आधी एक शब्दांचा घोटाळा सोडवू. आपण मराठीत छातीत जळजळलं की "ॲसिडिटी झाली" म्हणतो. ही जळजळ बहुतेक वेळा जठरातलं आम्ल अन्ननलिकेत वर आल्यामुळे होते. तिचा रक्त 'आम्लधर्मी' होण्याशी काही संबंध नाही. विक्रेता मात्र या एका शब्दावरून उडी मारून थेट कॅन्सरपर्यंत जातो.

जठररसाचा पीएच १.५ धरू. आरओच्या पाण्यात थेंब घालून त्याचा पीएच ९.५ केला, तर त्या पाण्याचं आम्ल मारण्याचं बळ लिटरमागे ०.०३ मिलीमोल. अर्धी वाटी, म्हणजे १०० मिली जठररसात आम्ल असतं सुमारे ३ मिलीमोल. ते उदासीन करायला हे पाणी लागेल १०० लिटर!

याउलट एक ग्रॅम खाण्याचा सोडा घ्या. त्याच्या द्रावणाचा पीएच जेमतेम ८.३, म्हणजे त्या 'चमत्कारी' पाण्यापेक्षा कमीच. पण तो १२ मिलीमोल आम्ल मारतो, म्हणजे साडेतीनशे मिलीहून जास्त जठररस. पीएच कमी, पण ताकद शेकडो पट. कारण सोड्याकडे नोटा आहेत आणि त्या पाण्याकडे फक्त चिल्लर. (म्हणून रोज सोडा खाऊ नका. एका ग्रॅममध्ये सुमारे २७० मिलीग्रॅम सोडियम असतं. रक्तदाब, हृदय किंवा किडनीचा त्रास असणाऱ्यांनी तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाहीच.)

"आमचं मशीन नळाच्या पाण्यावर चालतं, थेंबांवर नाही," असं उत्तर येईल. मग नळाचंच पाणी बघू. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्याची क्षारता लिटरमागे २०० मिलीग्रॅमपर्यंत स्वीकारार्ह आहे. असं पाणी लिटरमागे ४ मिलीमोल आम्ल मारतं आणि त्याचा पीएच साडेसातच असू शकतो. मशीनने पीएच साडेनऊवर नेला तरी या शिल्लकीत थोडीशीच भर पडते. म्हणजे लाखांच्या घरातलं यंत्र घेऊन तुम्ही जे मिळवता, त्यातलं बहुतेक बोअरच्या जड पाण्यात फुकट होतंच. आणि त्याच मानकात पिण्याच्या पाण्याचा पीएच ६.५ ते ८.५ असावा असं म्हटलं आहे. साडेनऊचा अभिमान कसला बाळगायचा?

रक्ताचा पीएच पाण्याने बदलत नाही

रक्ताचा पीएच ७.३५ ते ७.४५ असतो. तो तिथे राहतो तो एका सौम्य आम्लामुळेच. हेंडरसन आणि हॅसलबाल्क यांच्या नावाचं सूत्र सांगतं:

रक्ताचा पीएच = ६.१ + लॉग (बायकार्बोनेट ÷ विरघळलेला कार्बन डायऑक्साइड)

बायकार्बोनेट २४, विरघळलेला कार्बन डायऑक्साइड १.२. भागाकार २०, त्याचा लॉग १.३. बेरीज ७.४. यातलं वरचं टोक मूत्रपिंड सांभाळतं आणि खालचं फुप्फुस. आम्ल वाढलं की आपण आपोआप खोल श्वास घेतो आणि कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकतो. ग्लासभर पाणी या यंत्रणेच्या हिशेबात बसतही नाही.

रक्त खरोखर आम्लधर्मी होतं तेव्हा ते थेंबांच्या रंगावरून कळत नाही. इन्शुलिन कमी पडलेल्या मधुमेही रुग्णाच्या रक्तात कीटोनची आम्लं साठतात. बाटलीतल्या व्हिनेगरसारखीच ही सौम्य आम्लं, पण रक्ताच्या पीएचला त्यांचे पाचशेपैकी एखादाच सोडून सगळे रेणू सुटतात आणि बायकार्बोनेट संपवतात. उलट्या, पोटदुखी, प्रचंड तहान, खोल आणि भरभर श्वास, गुंगी ही त्याची लक्षणं. याला उपाय हॉस्पिटल, सलाइन आणि इन्शुलिन. अशा वेळी अल्कलाइन पाणी देत बसणं म्हणजे जीव धोक्यात घालणं.

लघवीची पट्टी आणि तिची चुकीची भाषा

"सकाळी पट्टी लावून बघा, लघवी ॲसिडिक आली तर शरीर ॲसिडिक." असं सांगणाऱ्याला मूत्रपिंडाचं कामच माहीत नाही. लघवीचा पीएच ४.५ ते ८ असा कुठेही असू शकतो. ती आम्लधर्मी येणं म्हणजे मूत्रपिंड आम्ल बाहेर टाकतंय, म्हणजेच काम चोख चाललंय.

इथेही हिशेब बोलका आहे. रोजचं ६० मिलीमोल आम्ल सुट्या आयनांच्या रूपात टाकायचं ठरवलं, तर पीएच ४.५ असताना सुमारे १,९०० लिटर लघवी करावी लागेल. आपण करतो दीड-दोन लिटर. कारण बहुतेक आम्ल फॉस्फेट आणि अमोनियम यांना बांधून बाहेर जातं आणि ते पट्टीला दिसतच नाही. मूत्रपिंडाचं खरं काम पट्टीच्या नजरेआड चालतं.

मग पीएचला काहीच अर्थ नाही का?

आहे, आणि तो कुठे आहे हे सांगणं डॉक्टरचं काम आहे. युरिक ॲसिडचे मूतखडे हे चांगलं उदाहरण. युरिक ॲसिड सौम्य आम्ल आहे. पीएच ५.५ च्या आसपास ते निम्मं सुटतं. लघवीचा पीएच ५ असेल तर जवळपास तीन चतुर्थांश न सुटलेलं राहतं, आणि न सुटलेलं युरिक ॲसिड पाण्यात नीट विरघळत नाही, त्याचे खडे होतात. पीएच ६.५ वर नेला की दहातले नऊ भाग सुटतात आणि विरघळतात. त्यासाठी आम्ही पोटॅशियम सायट्रेट देतो, मोजून देतो आणि मग लघवीचा पीएच तपासतो.

पण हे सगळ्या खड्यांना लागू नाही. लघवी फार अल्कलाइन झाली तर कॅल्शियम फॉस्फेटचे खडे वाढू शकतात. किडनी कमजोर असेल तर पोटॅशियम धोकादायक पातळीवर जाऊ शकतं.

'लिंबू शरीरात अल्कलाइन होतं' या समजुतीचं मूळही इथेच आहे. सायट्रेटचा क्षार शरीरात जळून बायकार्बोनेट बनतो, हे खरं. पण लिंबात मुख्यतः सायट्रिक आम्ल असतं, क्षार थोडाच. आम्ल जळून कार्बन डायऑक्साइड आणि पाणी होतं. हिशेब जवळपास शून्यावर येतो.

"पिऊन बघायला काय हरकत आहे?"

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त अस्वस्थ करतो. पैसे गेले तर गेले, असं तुम्ही म्हणाल. पण माणूस मशीनसोबत एक विचारही विकत घेतो: सगळे रोग ॲसिडमुळे होतात, तर ॲसिड काढलं की औषधं कशाला?

अमेरिकेत रॉबर्ट यंग नावाच्या माणसाने या विचारावर पुस्तकं विकली आणि रुग्ण 'तपासले'. परवाना नसताना वैद्यकीय व्यवसाय केल्याबद्दल २०१६ मध्ये तो दोषी ठरला. स्तनाच्या कर्करोगाचे उपचार सोडून त्याच्या मार्गाने गेलेल्या एका महिलेला त्याने साडेदहा कोटी डॉलर द्यावेत, असा निकाल २०१८ मध्ये सॅन दिएगोच्या ज्युरीने दिला. तोपर्यंत तिचा आजार खूप पुढे गेला होता. पैशाने तो मागे येत नाही.

"कॅन्सर अल्कलाइन शरीरात जगत नाही, याला नोबेल मिळालंय" हा फॉरवर्ड तुम्हालाही आला असेल. ओटो वॉरबर्ग यांना १९३१ चं नोबेल श्वसनाच्या विकरावरील कामासाठी मिळालं. कर्करोगाच्या पेशी साखर वेगळ्या पद्धतीने वापरतात हे त्यांचं निरीक्षण खरं आहे. त्या पेशी स्वतःच्या भोवती आम्ल तयार करतात. आम्लामुळे त्या तयार होत नाहीत, आणि पाणी पिऊन ते आम्ल जातही नाही.

पुढच्या वेळी हे करा

- कुणी पीएच दाखवला की विचारा, "लिटरमागे आम्ल किंवा क्षार किती मिलीमोल?" उत्तर नसेल तर मशीनही नको.
- पाणी स्वच्छ आणि जंतुमुक्त आहे का, ते बघा. त्याचा रंग निळा यावा म्हणून पैसे घालू नका.
- आठवड्यातून दोन-तीनदा जळजळ होत असेल, गिळताना अडकत असेल, वजन उतरत असेल किंवा काळी शौचास होत असेल, तर डॉक्टरांना दाखवा.
- किडनीच्या रुग्णांना रक्तातलं बायकार्बोनेट बघून सोड्याच्या गोळ्या दिल्या जातात. 'अल्कलाइन पाणी पितो' म्हणून त्या बंद करू नका.
- इन्शुलिन, रक्तदाबाच्या गोळ्या, केमोथेरपी यातलं काहीही पाण्याच्या भरवशावर सोडू नका. घरातलं कुणी सोडत असेल, तर आजच त्यांच्याशी बोला आणि त्यांना त्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन जा.